डॉ. मेरी वर्गीस : तीन शाळांची विद्यार्थिनी

वेल्लोर हे नाव आमच्या मंडळ्यांमध्ये कोणाला ठाऊक नाही? बेळगाव असो, हैदराबाद असो, इंदूर असो की बडोदे असो, घरातले दुखणे गावच्या डॉक्टरांच्या हाताबाहेर गेले म्हणजे कोणीतरी वडीलधारे माणूस वेल्लोरचे नाव काढतेच. मग रेल्वेची तिकिटे निघतात, घरोघरी प्रार्थना होतात आणि काटपाडी स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीत मराठी बोलणारी चारदोन माणसे सापडतात. त्या इस्पितळाच्या संस्थापिका डॉ. आयडा स्कडर यांची गोष्ट आमच्या रविवारच्या शाळेतील मुलांनाही पाठ असते. परंतु त्याच इस्पितळाच्या इतिहासात आणखी एका स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. ती स्त्री परदेशातून आलेली नव्हती. ती आपल्याच देशातील, केरळातील एका ख्रिस्ती घरात जन्मलेली मुलगी होती. डॉ. मेरी वर्गीस हे तिचे नाव.

हे चरित्र आताच लिहावेसे वाटण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक गवंडीबंधू परांचीवरून पडले. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे अंग लुळे झाले. आम्ही सर्वजण भेटीस गेलो. फळे नेली, गीते गाइली, प्रार्थना केली. पहिला महिना घर माणसांनी भरलेले असे. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा कोणी जाई. वर्ष संपेपर्यंत आम्हीदेखील केवळ नाताळाला जाऊन आलो. ते बंधू भिंतीकडे तोंड करून निजलेले होते आणि त्यांच्या पाठीला हाताएवढी जखम झाली होती. आम्ही नित्य त्यांच्यासाठी प्रार्थना करीत होतो, परंतु त्यांना कुशीवर कसे वळवावे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी घरी परत येताना आमचे मन आम्हांला बोचू लागले. त्यानंतर आम्ही डॉ. मेरी वर्गीस यांचे जीवन लक्षपूर्वक अभ्यासले. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली शाळा : वेल्लोर

मेरी पुथिसेरील वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीन येथे झाला. घराणे सीरियन ख्रिस्ती परंपरेचे, खाऊनपिऊन सुखी आणि मंडळीत मान असलेले होते. घरात भावंडे पुष्कळ. त्या काळी अशा घरातील मुलीचे पुढचे आयुष्य बहुधा ठरलेलेच असे. थोडे शिक्षण व्हावे, चांगले स्थळ पाहावे आणि तिने सासरी सुखाने नांदावे. मेरीबाईंनी मात्र डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात शिकून १९४६ साली त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या.

तो काळ त्या कॉलेजच्याही जीवनात मोठ्या बदलाचा होता. १९१८ साली स्त्रियांसाठी सुरू झालेल्या त्या वैद्यकीय शाळेचे आता पदवी देणाऱ्या कॉलेजात रूपांतर होत होते आणि १९४७ पासून तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. डॉ. पॉल ब्रँड हे तरुण इंग्रज शस्त्रवैद्य याच सुमारास तेथे आले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे मेरीबाईंच्या आयुष्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

१९५२ साली मेरीबाई पदवीधर झाल्या आणि स्त्रीरोग व प्रसूती या शाखेत पुढील शिक्षण घेऊ लागल्या. यात नवल नव्हते. बाळंतपणात स्त्रिया मरतात, त्यांना स्त्री डॉक्टर हवी, याच हाकेतून वेल्लोरचे इस्पितळ उभे राहिले होते. येथपर्यंतची कथा एका हुशार, मेहनती आणि श्रद्धावान मुलीची कथा आहे. अशा मुली आमच्या मंडळ्यांतूनही निघाल्या आहेत आणि नर्स, शिक्षिका, डॉक्टर होऊन त्यांनी आमचे नाव राखले आहे.

अपघात

१९५४ च्या जानेवारी महिन्यात एका सुटीच्या दिवशी काही तरुण डॉक्टर मोटारीने सहलीस निघाले. मेरीबाई त्यांत होत्या. वाटेत पुढे चाललेल्या एका बसला मागे टाकण्याच्या प्रयत्नात गाडी कलंडली आणि उलटीपालटी होत गेली. बरोबरच्या इतरांनाही लागले, परंतु सर्वांत भयंकर दुखापत मेरीबाईंना झाली. चेहऱ्याच्या एका बाजूस मोठी जखम होऊन कायमचा व्रण राहिला. पाठीचा कणा मोडून आतील मज्जारज्जूस इजा झाली. कमरेखालची हालचाल गेली आणि संवेदनाही गेली. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून शरीराकडे जाणारा मुख्य रस्ता. तो तुटला म्हणजे खालच्या भागाकडे हुकूम जात नाही आणि तिकडची खबर वर येत नाही. हाड जुळते, कातडी भरून येते, पण हा रस्ता पुन्हा जोडता येत नाही. मेरीबाई स्वतः डॉक्टर असल्यामुळे या गोष्टीचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या काळी अशा दुखापतीकडे कसे पाहिले जाई, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक लवकरच मरण पावत. कणा मोडला म्हणून ते मरत नसत. एका कुशीवर पडून राहिल्याने अंगाला खोल जखमा होत, लघवी तुंबून मूत्रपिंडे सडत आणि त्या विषाने ते जात. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा सैनिकांना दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, लघवीची स्वच्छ व्यवस्था ठेवणे आणि लवकरात लवकर त्यांना कामास लावणे असा क्रम सुरू केला. तेव्हा कोठे जगाला कळले की ही माणसे जगू शकतात व कमावू शकतात. मेरीबाईंना अपघात झाला तेव्हा हे ज्ञान अवघे दहा वर्षांचे होते आणि आपल्या देशात ते जाणणारे फारच थोडे होते.

दुसरी शाळा : खाट

पुढील महिने मेरीबाईंनी खाटेवर काढले. शस्त्रक्रिया झाल्या. काल ज्या वॉर्डात त्या डॉक्टर म्हणून फिरत होत्या, त्याच इस्पितळात आता त्यांना पाणी पिण्यासाठी, कूस बदलण्यासाठी, देहधर्मासाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागे. ज्यांनी घरात असे दुखणे पाहिले आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. अशा वेळी कोणता विश्वासणारा आपल्या पायांसाठी प्रार्थना करणार नाही? आणि दिवसामागून दिवस जाऊनही पाय हलत नाहीत, हे पाहून कोणाचे मन खचणार नाही?

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. आमच्या मंडळ्यांतून अशा प्रसंगी दोन प्रकारची भाषा बोलली जाते. काहीजण म्हणतात की घरात काही पाप असावे. काहीजण म्हणतात की विश्वास कमी पडला, नाही तर रोगी उठून चालू लागला असता. दोन्ही बोलण्यांनी खाटेवरच्या माणसाच्या दुःखावर आणखी एक धोंडा ठेवला जातो. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी प्रभूला असाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने त्या मनुष्याकडे किंवा त्याच्या आईबापांकडे बोट दाखविण्यास साफ नकार दिला होता, हे आम्ही विसरतो. मेरीबाईंचा विश्वास खाटेवर कसोटीस लागला आणि तो टिकला. परंतु त्या उठून चालल्या नाहीत. त्यानंतरची बत्तीस वर्षे त्या चाकाच्या खुर्चीतच होत्या. ज्यांना विश्वासाचे मोजमाप पायांवरून करावयाचे असेल त्यांनी या बत्तीस वर्षांतील कामाचा हिशेब आधी पाहावा.

खुर्चीतील शस्त्रवैद्य

बाळंतपण करणारा डॉक्टर उभा राहून काम करतो. ती वाट आता बंद झाली होती. तेव्हा डॉ. पॉल ब्रँड यांनी एक वेगळी वाट सुचविली. ते त्या वेळी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत होते आणि हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते.

डॉ. ब्रँड यांचे काम काय होते हे समजल्याशिवाय पुढील गोष्ट नीट कळणार नाही. महारोग झाला की बोटे आपोआप झडतात, मांसच सडके होते, अशी सर्वत्र समजूत होती. डॉ. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी बारकाईने पाहिले तेव्हा असे दिसले की मांस सडके नाही. रोगाने नसा मेल्यामुळे हाताला दुखणे कळत नाही. गरम भांडे धरले तरी कळत नाही, खिळा घुसला तरी कळत नाही, म्हणून जखमा होतात आणि त्या जखमांनी बोटे जातात. तसेच काही स्नायूंच्या नसा मेल्याने बोटे पंजासारखी आत वळतात. परंतु त्याच हातातील दुसरे काही स्नायू शाबूत असतात. अशा शाबूत स्नायूची कंडरा, म्हणजे हाडाला जोडणारी दोरी, सोडवून ती बोटांकडे वळवून शिवली तर मिटलेला हात पुन्हा उघडतो. मग कित्येक आठवडे व्यायाम करून त्या स्नायूला त्याचे नवे काम शिकवावे लागते. अशा रीतीने हात सुधारलेल्या, परंतु घरी परत घेतले न गेलेल्या लोकांसाठी कॉलेजच्या आवारात एक वसाहतही उभी राहिली होती. तेथे ते सुतारकाम व इतर हुन्नर शिकत.

मेरीबाईंनी हे काम शिकण्याचे मनावर घेतले. खुर्चीत तासन्‌तास ताठ बसणे हेच प्रथम शिकावे लागले, कारण कमरेखालच्या अंगाचा आधार नसताना तोल सांभाळणे सोपे नसते. हळूहळू त्या शस्त्रक्रियेच्या टेबलाशी खुर्चीतून बसून कुष्ठरोग्यांचे हात दुरुस्त करू लागल्या. लहानपणी आम्ही महारोग्याच्या वाटेलाही जात नसू. त्या रोग्यांचे हात ही बाई आपल्या हातात घेऊन त्यांतील दोऱ्या एकेक करून जुळवीत असे.

रोग्यांवर याचा काय परिणाम झाला असेल, वाचकांनी कल्पना करावी. आजवर त्यांना समजावणारे डॉक्टर धडधाकट होते. व्यायाम करा, काळजी घ्या, धीर सोडू नका, असे धडधाकट माणसाने सांगणे सोपे असते. आता त्यांच्यासमोर चेहऱ्यावर व्रण असलेली, स्वतःचे पाय न हलणारी डॉक्टर येत होती आणि ती काम करीत होती. तिला पाहूनच कित्येकांना धीर येई, असे त्या काळच्या तिच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे. आणखी एक साम्य होते. कुष्ठरोग्याला हाताचे दुखणे कळत नसे, मेरीबाईंना पायाचे दुखणे कळत नसे. दोघांनाही जे अंग बोलत नाही त्याची काळजी डोळ्यांनी घ्यावी लागे. संध्याकाळी हातपाय तपासून पाहण्याचा नियम रोग्यांना शिकविणारी ही डॉक्टर तोच नियम स्वतः पाळीत होती.

तिसरी शाळा : पर्थ आणि न्यूयॉर्क

इतके होऊनही मेरीबाई स्वतः मात्र पुष्कळशा बाबतींत परावलंबी होत्या. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, दर वेळी कोणीतरी उचलावे लागे. पुढे उपचारासाठी त्या ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेल्या. तेथे कणा मोडलेल्या रोग्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. केवळ खांद्यांच्या व दंडांच्या बळावर स्वतःला उचलून खुर्चीत कसे बसावे, कपडे कसे घालावेत, दिवसाची कामे दुसऱ्याला हाक न मारता कशी उरकावीत, हे त्या तेथे शिकल्या. तिशी ओलांडलेली, पदवीधर, नावाजलेली ही डॉक्टर लहान मुलासारखे पुन्हा कपडे घालावयास शिकली. यात त्यांना कमीपणा वाटला नाही, उलट एक मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपल्याला जे मिळाले ते भारतातील हजारो रोग्यांना मिळत नाही. त्यांचे प्राण इस्पितळात वाचविले जातात, परंतु पुढे जगावे कसे हे त्यांना कोणी शिकवीत नाही. हे शिकविणे हीदेखील एक विद्या आहे आणि ती रीतसर शिकली पाहिजे.

या विद्येला पुनर्वसन असे नाव आहे. अमेरिकेतील डॉ. हॉवर्ड रस्क हे या क्षेत्रातील अग्रणी. दुसऱ्या महायुद्धात हवाईदलाचे डॉक्टर असताना त्यांनी पाहिले की जखमी सैनिक बरे होण्याची वाट पाहत रिकामे पडून राहतात आणि त्या रिकामेपणाने अधिकच खचतात. म्हणून त्यांनी खाटेवरच शिक्षण व व्यायाम सुरू केले. युद्धानंतर न्यूयॉर्क येथे त्यांनी पुनर्वसनाची मोठी संस्था उभारली आणि जगभरचे डॉक्टर तेथे शिकावयास येऊ लागले. शिष्यवृत्ती मिळून मेरीबाईही तेथे दाखल झाल्या. परक्या देशात, थंडीबर्फात, चाकाच्या खुर्चीत बसून त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

तेथील शिक्षणाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. रोगी बरा होणार नाही हे ठरले म्हणजे डॉक्टरचे काम संपत नाही. त्याच्या अंगी काय उरले आहे हे मोजावे. उरलेल्या स्नायूंना बळकटी द्यावी. जेथे स्नायू नाही तेथे कॅलिपर, कुबडी, कृत्रिम पाय अशी साधने द्यावीत. जखमा होऊ न देण्याचे व लघवी सांभाळण्याचे शिक्षण द्यावे. मनाला उभारी द्यावी. आणि अखेर त्याला जमेल असा कामधंदा शोधून द्यावा. हे एकट्या डॉक्टरने होत नाही. व्यायाम देणारे भौतिकोपचारतज्ज्ञ, हातांना कामाची सवय लावणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ, परिचारिका, साधने बनविणारा कारागीर आणि घरी जाऊन येणारा समाजसेवक अशा सर्वांनी मिळून ते करावे लागते.

आपल्या देशात या विद्येची बीजे पडली नव्हती असे नाही आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या व निंबकर घराण्यात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती आपल्या देशातील पहिली. १९५५ साली मुंबईतच हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. तरीही रोग्याला ठेवून घेऊन, घरी परत जाण्यासाठी त्याची पूर्ण तयारी करून देणारी व्यवस्था अजून उभी राहावयाची होती.

बागायमची संस्था

परत आल्यावर १९६३ साली मेरीबाई वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या. मुख्य इस्पितळ दुखणाइतांनी नेहमी भरलेले असते. तेथे एका रोग्याला महिनोन्‌महिने खाट देणे शक्य नव्हते. म्हणून शहराबाहेर बागायम येथे, कॉलेजच्या बाजूस, वेगळी संस्था बांधण्याचे ठरले आणि १९६६ साली ती सुरू झाली. रोग्यांना ठेवून घेऊन पुनर्वसन करणारी भारतातील पहिली संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. आज ती डॉ. मेरी वर्गीस यांच्याच नावाने ओळखली जाते.

या कामाची अडचण कोठे होती, हे आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांना चटकन कळेल. न्यूयॉर्कमध्ये शिकलेली गोष्ट जशीच्या तशी आपल्याकडे चालणार कशी? तेथे गुळगुळीत फरशी, आपल्याकडे शेणाने सारवलेली जमीन व दारात उंबरठा. तेथे बसावयाचे शौचकूप, आपल्याकडे शेताचा बांध. तेथे खुर्ची मोडली तर दुकान जवळ, आपल्याकडे तालुक्यालाही ती दुरुस्त करणारा मिळत नाही. परक्या देशातून आणलेली महागडी साधने गरीब रोग्याला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून येथील सुतार, चांभार व लोहार यांना करता येतील, गावात दुरुस्त होतील अशा साधनांचा विचार करावा लागला. रोग्याबरोबर त्याच्या घरच्या माणसालाही संस्थेत राहू देणे आणि कूस बदलणे, जखम पाहणे, उचलणे ही कामे त्यालाही शिकविणे, हा या पद्धतीचा मोठा भाग. रोगी घरी गेल्यावर पाश्चात्त्य देशांतल्याप्रमाणे परिचारिका येणार नसते. आई येणार, बायको येणार, भाऊ येणार. शिकवावयाचे त्यांनाच.

झाडावरून पडलेला शेतमजूर, विहिरीत पडलेला तरुण, परांचीवरून कोसळलेला गवंडी, पोलिओने पाय गेलेले मूल, अशी माणसे येथे येत. त्यांना प्रथम भेटणारी डॉक्टर स्वतः चाकाच्या खुर्चीत असे. खुर्चीतून कसे उठावे हे ती पुस्तक न उघडता दाखवू शके. जगण्यात आता काय राहिले, असे मनात आणणाऱ्या माणसाला तिने कोणता उपदेश करावा? तिचे रोज कामावर येणे हाच तिचा उपदेश होता.

भारत सरकारने १९७२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९८६ च्या डिसेंबरात त्या प्रभूकडे गेल्या. अपघातानंतर त्या तीन दशकांहून अधिक काळ जगल्या आणि त्यांतील बहुतेक वर्षे त्यांनी कामात घालविली. आज वेल्लोरमध्ये या शाखेची पदव्युत्तर पदवी घेता येते. भौतिकोपचार, व्यवसायोपचार व कृत्रिम अवयव बनविण्याचे शिक्षण मिळते. बरे होऊन नव्हे, तर जगावयास शिकून घरी गेलेले जुने रुग्ण मेळाव्याच्या निमित्ताने संस्थेत पुन्हा एकत्र येत आले आहेत. खुर्चीवर बसून दुकान चालविणारे, शिवणकाम करणारे, मुलांना शिकविणारे लोक एकमेकांना भेटतात आणि नवा रोगी त्यांना पाहतो.

आमच्यासाठी काय?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यांना शिक्षणाचे, नोकरीचे व सार्वजनिक ठिकाणी सहज जातायेता येण्याचे हक्क दिले. सरकारदरबारी आता दिव्यांग असा शब्द चालतो. शब्द बदलला हे ठीक, परंतु आमच्या चर्चच्या पायऱ्या बदलल्या काय? विद्यापीठांत शिकलेले लोकही आज सांगतात की पुनर्वसनाचा खरा भाग इस्पितळात नसून गावात, गल्लीत, शाळेत व प्रार्थनामंदिरात आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जागतिक आरोग्य संघटनेनेही हाच विचार जगापुढे ठेवला. म्हणजे डॉ. मेरी वर्गीस यांच्यासारख्यांनी आपला अर्धा भाग पार पाडला आहे. उरलेला अर्धा भाग मंडळीकडे येतो, आणि तो शिकण्यासाठी मेडिकल कॉलेजात जावे लागत नाही.

दाविदाच्या मेजावर जेवणारा मफीबोशेथ रविवारच्या शाळेत आम्ही शिकवितो. तो दोन्ही पायांनी लंगडा होता. शास्त्रात त्याचे पाय बरे झाल्याचे कोठे लिहिलेले नाही. राजाने त्याला दूरच्या गावातून बोलावून घेतले, त्याची जमीन त्याला परत दिली आणि मेजावर रोजची जागा दिली. पायांनी तो होता तसाच राहिला, परंतु त्याचे घर, उत्पन्न आणि मान त्याला परत मिळाला. पुनर्वसन म्हणजे काय हे मुलांना सांगावयाचे असेल तर शिक्षकांनी ही गोष्ट घ्यावी आणि तिच्यापाठोपाठ मेरीबाईंची गोष्ट सांगावी. मग मुलांना एक प्रश्न विचारावा : आपल्या मंडळीतील कोण गेल्या वर्षभरात चर्चमध्ये आले नाही आणि का? मुले खरी उत्तरे देतात.

आता त्या गवंडीबंधूंविषयी. तालुक्याच्या इस्पितळातील एक परिचारिका भगिनी आमच्या विनंतीवरून येऊन गेल्या. दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, उशा कोठे ठेवाव्यात, रोज आरशाने पाठ कशी पाहावी, हे त्यांनी घरच्यांना व आमच्या तरुण संघातील चौघांना शिकविले. जखम भरावयास पाच महिने लागले. नंतर जुनी व्हीलचेअर मिळाली. चर्चच्या जोत्याला तीन पायऱ्या आहेत, उंची दीड फूट. आम्हांला वाटले, फळी टाकून भागेल. त्या बंधूंनी हसून मान हलविली. खुर्ची स्वतः ढकलून वर न्यावयाची तर एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार हवा. म्हणजे अठरा फूट. हे गणित त्यांनी अंगणात बसून आखून दाखविले आणि किती विटा व सिमेंट लागेल तेही सांगितले. ते काम त्यांच्याइतके आमच्यापैकी कोणाला येते?

कमिटीपुढे खर्चाचा आकडा ठेवला आहे. काही वडीलबंधूंचे म्हणणे पडले की एका माणसासाठी एवढा खर्च कशाला. आम्ही त्यांना इतकेच विचारू इच्छितो की आमच्या मंडळीत वृद्ध किती आहेत, गुडघे दुखणाऱ्या माता किती आहेत आणि पाच वर्षांनी आपण स्वतः या पायऱ्या कशा चढणार आहोत. छप्पर उघडून आपल्या पक्षाघाती मित्राला प्रभूपुढे उतरविणाऱ्या चौघांनी खर्चाचा विचार केला असता तर तो मित्र दाराबाहेरच राहिला असता.

डॉ. मेरी वर्गीस यांच्या तीन शाळांपैकी दोन त्यांनी निवडल्या होत्या. मधली एक, खाटेची, त्यांनी निवडली नव्हती. परंतु त्या तिन्ही शाळांत त्या मन लावून शिकल्या आणि जे शिकल्या ते त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. आपल्या मंडळीतही कोणीतरी आज त्या मधल्या शाळेत आहे. त्याच्याकडे फळे घेऊन जावे, प्रार्थनाही करावी. आणि उठण्यापूर्वी त्याला विचारावे की त्याला कोणते काम येते.